नव्या प्रोसेसरवर जुनं विंडोज: आधी काय करायचं, मग काय, आणि लोक कुठे अडकतात

दिवाणजींनी काउंटरवर कॅबिनेट ठेवलं तेव्हा त्याच्यावरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. बाराव्या पिढीचा प्रोसेसर, आठ जीबी रॅम, एनव्हीएमई डिस्क (थेट बोर्डावर बसणारी नवी, वेगवान डिस्क). म्हणाले, "यात आमचं जुनं विंडोज टाकून द्या. पट्टीचं सॉफ्टवेअर चाललं की बास." जुनं मशीन कुठाय विचारलं तर म्हणाले, "ते काल भंगारात दिलं की!"

पट्टीचं सॉफ्टवेअर म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाल्यावर वजन, दर, हमाली, तोलाई मांडून शेतकऱ्याच्या हातात जो कागद देतात तो काढणारा प्रोग्रॅम. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून दिला आणि लिहिणारा आता सापडत नाही. खणभागातल्या छापखान्यात जुना पेजमेकर आणि जुने मराठी फाँट असतात, कुपवाड एमआयडीसीत कारखान्यातल्या यंत्राला प्रोग्रॅम पाठवणारं एखादं सॉफ्टवेअर असतं. सगळीकडे दुखणं एकच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून नवी मशीनं घेणारे वाढले आणि माझ्याकडे हे डबे जास्त यायला लागले.

बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात. आधी मशीन घेतात, मग जुनं काढून टाकतात, मग विंडोज टाकायला बसतात आणि सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअर काय मागतं ते बघतात. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. आणि हे काम मार्चअखेरीला किंवा सौदे जोरात असताना काढू नका.

## टप्पा १: जुन्या मशीनसमोर बसून यादी करा

जुनं मशीन चालू आहे तोवर एक कोरा कागद घेऊन त्याच्यासमोर बसा. अर्धा तास लागतो. हा अर्धा तास वाचवणारे पुढे दोन दिवस घालवतात.

कागदावर पहिली ओळ: नक्की काय चालवायचं आहे? "जुनं विंडोज" हे उत्तर नाही. विंडोज कुणालाच नको असतं, त्याच्यावर चालणारा एखादा प्रोग्रॅम हवा असतो. त्याचं नाव, आवृत्ती आणि तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते लिहा.

दुसरी ओळ: तो डॉसचा आहे की विंडोजचा? काळी स्क्रीन, बाणांच्या बटणांनी फिरायचं, माउसला ओळखत नाही, असं असेल तर डॉसचा. शंका असेल तर प्रोग्रॅम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसच्या यादीत "एनटीव्हीडीएम" दिसलं, तर प्रोग्रॅम डॉसचा किंवा १६-बिटचा आहे. ही ओळ महत्त्वाची आहे, कारण ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच निघालेली नाही. कधीकधी प्रोग्रॅम ३२-बिटचा असतो पण त्याचं सेटअप १६-बिटचं असतं. तेव्हा लोक "सॉफ्टवेअरच चालत नाही" म्हणून मोकळे होतात. खरं तर सेटअप अडलेलं असतं, प्रोग्रॅम नव्हे.

तिसरी ओळ: मागे काय काय जोडलंय? कॅबिनेट फिरवून मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. डोंगल, म्हणजे जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती छोटी किल्ली, आहे का? असेल तर यूएसबीचं, की प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात बसणारं? डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कोणत्या केबलवर आहे? कारखान्यातल्या यंत्राला जाणारी नऊ पिनांची सिरियल केबल आहे का?

चौथी ओळ: डेटा. प्रोग्रॅमचा फोल्डर वेगळा आणि डेटाचा वेगळा, असं अनेकदा असतं. प्रोग्रॅम उघडा, आजच्या तारखेला एक खोटी नोंद करा, बंद करा आणि कोणत्या फोल्डरमधल्या फाइलची वेळ बदलली ते बघा. डेटा तिथे आहे. खोटी नोंद नंतर काढायला विसरू नका.

पाचवी ओळ: फाँट, सेटअपच्या सीड्या, सिरियल नंबर, विंडोजचा परवाना. कॅबिनेटवर चिकटवलेल्या स्टिकरवरचा परवाना साधारणपणे त्याच मशीनपुरता असतो. नव्या मशीनवर, मग ते आभासी का असेना, त्याच नंबराने अ‍ॅक्टिव्हेशन मिळेलच असं धरू नका. व्हर्च्युअल मशीनलाही, म्हणजे नव्या विंडोजच्या आत खिडकीत चालणाऱ्या आभासी मशीनलाही, स्वतंत्र, वैध परवाना लागतो.

इथे थांबा: शेवटच्या टप्प्यापर्यंत जुनं मशीन विकायचं नाही, फॉरमॅट मारायचं नाही, भाच्याला गेम खेळायला द्यायचं नाही.

आता बॅकअप. नुसता डेटा कॉपी करून भागत नाही, पूर्ण डिस्कची प्रतिमा काढा. विंडोज ७ असेल तर मायक्रोसॉफ्टचं डिस्क२व्हीएचडी हे फुकट साधन चालू मशीनची डिस्क एका फाइलमध्ये उतरवतं, आणि तीच फाइल पुढे व्हर्च्युअल मशीनमध्ये कामाला येते. एक्सपीची डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा आणि तिथे क्लोन करा. दोन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या जागी. सांगलीत हे वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ज्यांचा बॅकअप कॅबिनेटशेजारच्या ड्रॉवरमध्ये होता, त्यांच्या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी कृष्णेच्या गाळात गेल्या.

## टप्पा २: नव्या मशीनमध्ये काय आहे ते वाचा

प्रोसेसरचा नंबर बघा. इंटेलमध्ये "आय५-६५००" म्हणजे सहावी पिढी, "आय५-१२४००" म्हणजे बारावी. पाच आकडे असले की पहिले दोन पिढीचे, चार असले की साधारणपणे पहिला एक.

इथे मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं नवा प्रोसेसर जुनं विंडोज "घेत नाही". प्रोसेसर बिचारा घेतो. आजचा इंटेल किंवा एएमडीचा डेस्कटॉप प्रोसेसर तीस वर्षांपूर्वीच्या सूचनाही चालवतो. अडतं ते त्याच्या आजूबाजूला. यूएसबी, डिस्क, ग्राफिक्स, नेटवर्क आणि बूट करण्याची पद्धत, ही सगळी शेजारची मंडळी बदलली आणि जुन्या विंडोजकडे त्यांचे ड्रायव्हर नाहीत.

यूएसबी: इंटेलच्या सहाव्या पिढीबरोबर, म्हणजे २०१५ मध्ये, जो चिपसेट आला त्यातून जुना यूएसबी २ चा कंट्रोलर काढून टाकला. विंडोज ७ च्या डीव्हीडीत नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही. म्हणून सेटअप सुरू होतं, भाषा विचारतं, आणि कीबोर्ड-माउस मेलेले.

डिस्क: विंडोज ७ ला एनव्हीएमई मुळात माहीत नाही. एक्सपीला तर साटाची, म्हणजे केबलने जोडायच्या साध्या डिस्कची, एएचसीआय ही जोडणीची पद्धतसुद्धा माहीत नाही, तिथे निळ्या स्क्रीनवर शेवटी ७बी येतं.

बूट: विंडोज ७ सिक्युअर बूटवर (सही नसलेलं विंडोज सुरू होऊ न देणारं कुलूप) चालत नाही आणि त्याला बायोसमधला, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमधला, सीएसएम हा जुन्या पद्धतीचा पर्याय लागतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर सीएसएम चालत नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड लावावं लागतं.

ग्राफिक्स: इंटेलच्या सहाव्या पिढीच्या ग्राफिक्सला विंडोज ७ चे ड्रायव्हर मिळतात. त्यापुढे त्यांच्या भरवशावर राहू नका. ग्राफिक्स असलेल्या एएमडीच्या रायझन प्रोसेसरचीही हीच गत.

सातव्या पिढीपासून आणि रायझनवर विंडोज ७ चे अपडेट थांबायचे. ते हार्डवेअरमुळे नव्हतं, मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये अपडेटमध्येच घातलेली ती अट होती. आता अपडेटच बंद झाल्यामुळे त्या वादाला अर्थ उरला नाही. "अनसपोर्टेड हार्डवेअर" अशी खिडकी आली तर मशीन बिघडलंय असं समजू नका, एवढंच.

प्रोसेसरच्या वेगामुळेच मोडणारी जुनी सॉफ्टवेअर मात्र खरंच आहेत. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले डॉसचे कितीतरी प्रोग्रॅम वेगवान मशीनवर उघडताक्षणी "रनटाइम एरर २००" देऊन बंद होतात. सुरुवातीला ते वेळ मोजायला एक फेरी फिरवतात, ती ठरलेल्या वेळात इतक्या वेळा फिरते की भागाकाराचं उत्तर ठरलेल्या जागेत मावत नाही. विंडोज ९५ लाही असाच रोग होता. अशा वेळी वेग मुद्दाम कमी करणारं साधन लागतं, ते पुढच्या टप्प्यात.

## टप्पा ३: रस्ता ठरवा

खालचे पाच रस्ते सोपा ते अवघड या क्रमाने दिलेत. वरचा जमला की खाली उतरू नका.

पहिला: प्रोग्रॅम ३२-बिटचा विंडोजचा असेल तर तो थेट विंडोज ११ वर टाकून बघा. आयकॉनवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे जुनं विंडोज निवडा. "प्रोग्रॅम फाइल्स"मध्ये न टाकता सी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करून टाका, कारण जुने प्रोग्रॅम आपल्याच फोल्डरमध्ये डेटा लिहितात आणि नवं विंडोज तिथे लिहू देत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांचं काम इथेच संपतं. पैसे घ्यायला मलाच लाज वाटते.

दुसरा: डॉसचा प्रोग्रॅम असेल तर डॉसबॉक्स किंवा व्हीडॉस, म्हणजे नव्या विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम चालवणारी साधनं. विंडोज ७ कशाला हवं? डॉसबॉक्समध्ये "सायकल्स"चा आकडा कमी करून वेग बांधता येतो, रनटाइम एरर २०० वर हाच उतारा. हिशोबाच्या प्रोग्रॅमला व्हीडॉस बरं पडतं, ते विंडोजच्या प्रिंटरवर सरळ छापतं.

तिसरा: व्हर्च्युअल मशीन. विंडोज ११ च्या आत एका खिडकीत जुनं विंडोज.

चौथा: नव्या मशीनवर थेट विंडोज ७. फक्त कार्ड, पोर्ट किंवा डोंगल व्हर्च्युअल मशीनमध्ये चालत नसेल तरच.

पाचवा: जुनंच मशीन नीट करून वापरा. नवी साटा एसएसडी, नवा एसएमपीएस, सीमॉसचा सीआर२०३२ सेल. दुकानदार हे सुचवत नाहीत, कारण यात विक्री नाही. कुपवाडमधल्या ज्या मशीनला बोर्डात बसणारं विशिष्ट कार्ड लागतं, तिथे मी हेच सांगतो.

## टप्पा ४: व्हर्च्युअल मशीन

मी इथे व्हर्च्युअलबॉक्स हे व्हर्च्युअल मशीन चालवणारं साधन धरून सांगतो.

४.१ बायोस. विंडोज ११ मध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, सीपीयू. खाली "व्हर्च्युअलायझेशन" पुढे एनेबल्ड असेल तर बायोसला हात लावू नका. डिसेबल्ड असेल तर बायोसमध्ये इंटेलच्या बोर्डावर "व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी" आणि एएमडीच्या बोर्डावर "एसव्हीएम मोड" चालू करा.

इशारा: विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते, मालकाला पत्ताही नसतो. बायोसमधलं काही बदलण्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. नाहीतर पुढच्या बूटला ४८ आकडे मागणारी निळी स्क्रीन येईल, आणि ज्या ईमेलवर ती की आहे त्याचा पासवर्ड पुण्यातल्या मुलाकडे असेल.

४.२ मशीन तयार करा. आकडे मोठे टाकायचा मोह आवरा. एक्सपीसाठी: एक प्रोसेसर, १ जीबी रॅम, २० जीबी डिस्क, डिस्कचा कंट्रोलर आयडीई, ग्राफिक्स कंट्रोलर "व्हीबॉक्सव्हीजीए". विंडोज ७ साठी: दोन प्रोसेसर, २ जीबी रॅम, ५० जीबी डिस्क, कंट्रोलर साटा, ग्राफिक्स "व्हीबॉक्सएसव्हीजीए". आठ जीबीच्या मशीनमध्ये पाहुण्याला सहा दिले तर घरचा उपाशी मरतो आणि दोघंही हँग होतात.

यूएसबी दोन्हीकडे २.० निवडा, ३.० नको. कारण वर सांगितलं तेच. व्हर्च्युअलबॉक्स ७ पासून यासाठी वेगळा एक्स्टेन्शन पॅक लागत नाही.

पहिल्या टप्प्यात कागदावर "१६-बिट" लिहिलं असेल तर विंडोज ७ ची ३२-बिट आवृत्तीच टाका. "६४ चांगलं असतं" म्हणून ६४ टाकणारे इथे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात.

जुन्या डिस्कची प्रतिमा वापरणार असाल तर नवी डिस्क न बनवता ती फाइल जोडा. एक्सपीची प्रतिमा असेल आणि निळ्या स्क्रीनवर ७बी आलं, तर तो डिस्क कंट्रोलर आहे. आयडीई, पीआयआयएक्स४ करून बघा. आणि काहीही बदलण्याआधी त्या फाइलची एक प्रत बाजूला ठेवा.

४.३ कासव बघा. मशीन सुरू झालं की खिडकीच्या खालच्या पट्टीत उजवीकडे छोटी चिन्हं असतात. त्यात हिरवं कासव दिसलं, तर व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसर थेट मिळत नाहीये, मध्ये विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर, बसलाय. मशीन रांगतं, माउस मागे राहतो. आधी विंडोज फीचर्समधून "हायपर-व्ही", "व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म" आणि "विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म" यांच्या खुणा काढा, पूर्ण शटडाउन करून परत चालू करा. तरी कासव हटलं नाही तर विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन, मेमरी इंटिग्रिटी बंद करावं लागतं. ते बंद केल्याने नव्या विंडोजचं एक संरक्षण कमी होतं. नुसती पट्टी काढायची असेल आणि वेग चालण्यासारखा असेल, तर मी कासव राहू देतो.

४.४ गेस्ट अ‍ॅडिशन्स आणि शेअर्ड फोल्डर. जुनं विंडोज बसल्यावर लगेच वरच्या डिव्हाइसेस मेनूतून गेस्ट अ‍ॅडिशन्सची, म्हणजे आतल्या विंडोजला लागणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सच्या ड्रायव्हरांची, सीडी घाला आणि बसवा. त्यानंतर एकच फोल्डर शेअर करा. अख्खा सी ड्राइव्ह शेअर करून मोकळे होणारे महाभाग मी पाहिलेत. मग आतल्या विंडोजमधला व्हायरस बाहेर यायला दारच उघडं.

४.५ डोंगल. क्रम पाळा. आधी आतल्या विंडोजमध्ये डोंगलचा ड्रायव्हर टाका, डोंगल न लावता. मग डोंगल लावा, व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये यूएसबीत त्याचं फिल्टर बनवा. आता डोंगल काढून पुन्हा लावा. खाली यूएसबीच्या चिन्हावर उजवी क्लिक केली की नावापुढे बरोबरची खूण दिसली पाहिजे. लोक फिल्टर बनवतात आणि डोंगल काढून लावायचं विसरतात, ते बाहेरच्या विंडोजनेच पकडून ठेवलेलं असतं.

काही सॉफ्टवेअर आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे ओळखून चालायचं नाकारतात. तसा संदेश आला तर त्याच्याशी कुस्ती खेळू नका, चौथा किंवा पाचवा रस्ता धरा.

४.६ प्रिंटर. एप्सन एलएक्स-३१० सारख्या डॉट मॅट्रिक्सला यूएसबी आणि समांतर पोर्ट दोन्ही असतात. यूएसबी केबल लावा, डोंगलसारखंच फिल्टर करून प्रिंटर आत द्या आणि त्याचा ड्रायव्हर आत टाका. डॉसचा प्रोग्रॅम एलपीटी१ वरच छापत असेल तर आतल्या विंडोजमध्ये प्रिंटर शेअर करून "नेट यूज"ने एलपीटी१ ला जोडावा लागतो. छापून बघताना कोरा कागद नको, खरी पट्टीची स्टेशनरी लावा. कोऱ्या कागदावर सगळंच बरोबर दिसतं. हमालीचा आकडा दराच्या रकान्यात घुसलाय हे रेघा असल्याशिवाय कळत नाही.

४.७ नेटवर्क तोडा. सगळं चाललं की आतल्या विंडोजच्या नेटवर्कमधली "केबल कनेक्टेड"ची खूण काढा. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तेव्हा त्याला अडवणारा पॅच येऊन दोन महिने झाले होते. आता तर नवे पॅचच येत नाहीत. बँक, जीएसटी, मेल हे सगळं बाहेरच्या विंडोजवर.

तपासा: आतलं विंडोज पूर्ण बंद करा, मग स्नॅपशॉट, म्हणजे परत येता येईल अशी त्या क्षणाची नोंद, घ्या. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो. रोजच्या डेटाचा बॅकअप शेअर्ड फोल्डरमधून बाहेर. आणि यूपीएस लावा. वीज गेली की एकाच वेळी दोन विंडोज आडवी होतात, आणि आतलं कधीकधी उठत नाही.

## टप्पा ५: थेट विंडोज ७ टाकायचंच असेल तर

लॅपटॉप नवा असेल तर हा विचार सोडा. डेस्कटॉपवर, तेही सीएसएम असलेल्या बोर्डावरच.

५.१ डिस्क वेगळी घ्या. साटाची एसएसडी. एनव्हीएमईवर विंडोज ७ टाकता येतं, त्यासाठी केबी २९९०९४१ आणि केबी ३०८७८७३ हे दोन पॅच सेटअपमध्ये मिसळावे लागतात. साधी साटा डिस्क घेतली की तो सगळा खटाटोप वाचतो. आणि विंडोज ११ असलेली एनव्हीएमई बोर्डावरून काढून ठेवा. "मी बरोबर डिस्क निवडीन" असं मलाही वाटलं होतं. रात्री साडेनऊला, दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, दोन्ही डिस्क ५०० जीबीच्या. चुकीची पुसली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला काय झालं ते माझ्या तोंडाने समजावावं लागलं आणि नवीन विंडोज ११ माझ्या खर्चाने द्यावं लागलं.

५.२ बायोस. सिक्युअर बूट बंद, सीएसएम चालू, साटा एएचसीआयवर. सीएसएमचा पर्याय करडा दिसत असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लावून परत बघा. विंडोज ७ चे ड्रायव्हर मिळणारं जीटी ७१० सारखं साधं कार्ड पुरतं. नवीनातलं महागडं कार्ड घेऊ नका, त्याला ड्रायव्हर मिळणार नाही.

५.३ पेन ड्राइव्ह. सर्व्हिस पॅक १ असलेली ६४-बिटची प्रत घ्या (कागदावर "१६-बिट" असेल तर मात्र ३२-बिटची). बोर्डासाठी यूएसबी ३ चा ड्रायव्हर सेटअपमध्ये मिसळा. काही बोर्ड कंपन्यांनी यासाठी तयार साधन दिलेलं आहे, बोर्डाच्या डाउनलोड पानावर शोधा.

सगळ्यात जास्त चूक इथे होते. ड्रायव्हर दोन ठिकाणी मिसळावा लागतो: सेटअप ज्यातून बूट होतं त्या प्रतिमेत, आणि डिस्कवर उतरणाऱ्या विंडोजच्या प्रतिमेत. फक्त दुसरीत टाकला तर सेटअपच्या पहिल्याच पडद्यावर माउस मेलेला. फक्त पहिलीत टाकला तर सेटअप सुरळीत होतं, मशीन रिस्टार्ट होतं, "तुमचं नाव लिहा" म्हणतं, आणि नाव लिहायला कीबोर्ड नाही.

अडलात तर बोर्डाच्या मागे जांभळा-हिरवा गोल पीएस/२ पोर्ट आहे का बघा. जुना गोल पिनेचा कीबोर्ड कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात धूळ खात पडलेला असतो, त्याला यूएसबीचा ड्रायव्हर लागत नाही.

आणखी एक फसवा संदेश: "सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर सापडत नाही." हे वाचून लोक डीव्हीडी ड्राइव्ह विकत आणतात. सेटअपला पेन ड्राइव्ह दिसत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. पुन्हा तोच यूएसबीचा ड्रायव्हर.

५.४ बसल्यावरचा क्रम. आधी केबी ४४९०६२८, मग केबी ४४७४४१९, रिस्टार्ट, त्यानंतर ड्रायव्हर. दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून दुसऱ्या मशीनवर उतरवून आणा. नव्या ड्रायव्हरांवरची डिजिटल सही जुन्या विंडोज ७ ला वाचता येत नाही. हे दोन न टाकता ड्रायव्हर टाकले की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ५२. मग लोक ड्रायव्हर चुकीचा समजून रात्रभर दुसरे शोधत बसतात.

नेटवर्कचा ड्रायव्हर नाहीच मिळाला तर रिअलटेकच्या ८१११ चिपचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड लावा. अर्थात नेटवर्क हवंच का, हा प्रश्न आधी विचारा.

५.५ जुन्या पोर्टाचं डोंगल. रुंद पोर्टाचं डोंगल असेल तर पीसीआय एक्सप्रेसचं समांतर पोर्ट कार्ड मिळतं. पण जुनी डोंगलं ३७८ याच पत्त्यावर पोर्ट शोधतात आणि या कार्डांना बहुधा दुसरा पत्ता मिळतो. यूएसबीचं "प्रिंटर केबल" कन्व्हर्टर तर फक्त प्रिंटरसाठी असतं, त्यावर डोंगल चालत नाही. कार्ड परत घेणाऱ्याकडूनच घ्या.

एक्सपी आणि विंडोज ९८ नव्या बोर्डावर थेट टाकायला बसू नका. एक्सपीला ए५ ची निळी स्क्रीन येते, म्हणजे बोर्डाची वीज-व्यवस्थापनाची पद्धतच त्याला समजत नाही. त्यांना व्हर्च्युअल मशीन, किंवा जुनं मशीन.

## टप्पा ६: आठ दिवस दोन्ही चालवा

नवं मशीन चाललं म्हणजे काम झालं असं नाही. आठ दिवस दोन्हीवर त्याच नोंदी करा. कंटाळा येतो, दिवाणजी कुरकुर करतात, तरी करा. रोज संध्याकाळी दोन्हीकडची बेरीज जुळवा. एकदा मागच्या वर्षाचा खातेउतारा काढून बघा, कारण चालू वर्ष उघडतं आणि मागचं वेगळ्या फोल्डरमध्ये राहून गेलेलं असतं. छापखाना असेल तर जुनी लग्नपत्रिका उघडून जोडाक्षरं तपासा: "श्री", "क्ष", "र्‍या" नीट दिसले की बाकीचे फाँट बहुधा आलेले असतात. बॅकअपमधून डेटा परत भरूनही बघा, मूळ डेटावर नव्हे, व्हर्च्युअल मशीनच्या दुसऱ्या प्रतीत.

नवव्या दिवशी जुनं कॅबिनेट बंद करा. डोंगल नव्या मशीनवर राहिलं आहे ना बघा. पहिल्या टप्प्यातला तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कॅबिनेटच्या आत चिकटवा, बाहेर मार्करने तारीख लिहा, आणि पहिल्या मजल्यावर ठेवा, खालच्या गोदामात नको. भंगारवाला आला तर त्याला वर्षभराने यायला सांगा.